बडोद्यात मंडळाच्या वाचनालयात सामाईक एआय केंद्र उभारायचंय: यंत्र घ्यावं का, मराठी कागदपत्रांचा शोध कसा लागेल, वर्ग कसे घ्यावेत?

मांडवीकर

नमस्कार मंडळी. दांडियाबाजार भागातल्या एका मराठी मंडळाच्या वाचनालयात २० बाय १५ फुटांची खोली मोकळी आहे. एआयची साधनं वापरणं, शिकणं आणि मिळून काम करणं या तिन्हींची सोय तिथे एकाच जागी करायची, असं कार्यकारिणीत ठरलंय.

हाताशी १० जुने संगणक आहेत (आय-थ्री, ४ जीबी रॅम), १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे आणि एक बऱ्यापैकी स्कॅनर. एकरकमी खर्चाची मर्यादा ३ लाख, त्यात यूपीएस आणि वायरिंगही आलं. महिन्याचा चालू खर्च ४ हजारांच्या आत हवा. खोलीत एका वेळी फार तर २० माणसं असतील. अकरावी-बारावीची आणि एम. एस. युनिव्हर्सिटीची मुलं, घरगुती उद्योग करणाऱ्या आणि मजकूर मराठी-गुजराती दोन्हींत लागणाऱ्या महिला, आणि मंडळाच्या जुन्या स्मरणिका व इतिवृत्तं शोधण्याजोगी करू पाहणारे ज्येष्ठ सभासद.

स्वतःचं यंत्र घेऊन खुली मॉडेल चालवावीत की सशुल्क सेवा घ्यावी? यंत्र घेतलं तर ग्राफिक्स कार्ड किती मेमरीचं? आणि मराठी कागदपत्रांतून उत्तरं शोधण्याचं काय? ओळखीच्या एका संस्थेत हा प्रयोग झाला, पण काहीही विचारलं तरी यंत्र तीच दोन-चार पानं पुढे करतं. असं का होत असावं?

सर्व्हरखोली

मांडवीकर, खरेदी सगळ्यात शेवटी ठेवा. आधी ६० प्रश्नांची एक कसोटी तयार करा. २० प्रश्न असे की ज्यांची उत्तरं तुमच्या स्मरणिकांत आहेत. २० रोजच्या कामाचे: सोसायटीला पत्र, लोणच्याच्या बरणीवरचा मजकूर, बारावीच्या भौतिकशास्त्रातलं उदाहरण. उरलेले २० फसवे, म्हणजे ज्यांचं उत्तर कागदपत्रांत नाहीच. तिथे ‘यात माहिती नाही’ हेच बरोबर उत्तर. गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून गूगलचं यंत्र वापरायची सोय) फुकटात बहुतेक वेळा १६ जीबी मेमरीचं टी-४ ग्राफिक्स कार्ड मिळतं. त्यावर दोन-तीन मॉडेलना हीच कसोटी द्या आणि कुठलं उत्तर कोणत्या मॉडेलचं ते न सांगता दोघांकडून गुण घ्या. तुमच्या कामाला ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलच्या आतल्या आकड्यांचं) मॉडेल पुरतं की १२ किंवा २७ अब्जांचं लागतं, ते इथेच कळेल. कार्डाचा आकार त्यावरूनच ठरतो.

मेमरीचा हिशेब असा. मॉडेल ४-बिटमध्ये दाबलं (क्यू-४-के-एम या प्रकारात) की ८ अब्जांचं जवळपास ५ जीबी होतं, जेमा-३ चं १२ अब्जांचं सुमारे ८ आणि २७ अब्जांचं १६-१७ जीबी. लोक इथेच थांबतात आणि फसतात, कारण चालू संभाषणाची आठवणही कार्डावरच राहते. लामा ३.१ च्या ८ अब्जांच्या मॉडेलला दर टोकनमागे (टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा) १२८ केबी लागतात. म्हणजे ८,१९२ टोकनांच्या एका संभाषणाला १ जीबी. खोलीत २० माणसं असली तरी एका क्षणी उत्तर घेणारी पाच-सहाच असतात, कारण बाकीचे वाचत किंवा टाइप करत असतात. सहा जणांचे ६ जीबी, मॉडेलचे ५, वर एक-दीड जीबी किरकोळ. १२ जीबीच्या कार्डावर हे मावत नाही, १६ वर मावतं. १२ अब्जांचं मॉडेल आणि शेजारी बोलण्याचा मजकूर करणारं व्हिस्पर, दोन्ही ठेवायची असतील तर २४ जीबी घ्या.

२४ जीबीत परवडणारं कार्ड म्हणजे जुनं आरटीएक्स ३०९०. भाव आठवड्याला हलतात म्हणून आकडा लिहीत नाही. घेताना अर्धा तास पूर्ण भार देऊन मेमरीचं तापमान बघा. या कार्डाच्या निम्म्या मेमरी चिप मागच्या बाजूला आहेत आणि थर्मल पॅड वाळले की तिथेच आधी तापतं. बिल आणि उरलेली वॉरंटी नसेल तर नवं १६ जीबीचं कार्ड बरं. ३०९० ची मर्यादा ३५० वॉट आहे, पण क्षणभर ती याच्या बरीच वर उसळते, म्हणून पॉवर सप्लाय ८५० वॉटचा. मर्यादा २६० वॉटवर आणली तर वेग थोडाच कमी होतो आणि उष्णता बरीच. मात्र यंत्र पुन्हा सुरू झालं की ही मर्यादा पुसली जाते, त्यामुळे सुरू होताना आपोआप लागेल अशी सोय करा.

यूपीएस २ केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा. स्वस्तातल्या यूपीएसची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि वीज गेली त्या क्षणी चांगल्या प्रतीचे पॉवर सप्लाय तिच्यावर बंद पडतात. यूपीएस आहे आणि तरी यंत्र पडलं, ही तक्रार बहुधा इथूनच येते. मीटरचा मंजूर भारही तपासा: दीड टनाचा एसी, हे यंत्र आणि १० संगणक मिळून ३ किलोवॉटच्या वर जातं. यंत्र ४५० वॉटने सहा तास चाललं तर दिवसाला २.७ युनिट, महिन्याच्या २५ दिवसांना ६८ च्या आसपास. मे महिन्यात एसी याच्या दुप्पट सहज घेईल, तेव्हा चालू खर्चात त्याला विसरू नका.

खोली कितव्या मजल्यावर आहे ते लिहिलं नाहीत. तळमजला असेल तर यंत्र, यूपीएस आणि बॅकअपच्या डिस्क वरच्या मजल्यावर हलवा. विश्वामित्रीचे २०१९ आणि २०२४ चे पूर आठवा.

शिरोरेषा

‘तीच दोन-चार पानं’ याचं कारण बहुतेक वेळा मॉडेल नसतं, शोधाचं साधन असतं. ओपन वेबयूआय (ब्राउझरमधून मॉडेल वापरायचा पडदा) बसवलं की त्यात शोधासाठी मजकुराचे आकडे करणारं जे लहान मॉडेल आपसूक येतं (ऑल-मिनी-एलएम-एल-६), ते इंग्रजीसाठी बनवलेलं आहे. अक्षरं लहान करताना ते वरखालची चिन्हंही काढून टाकतं. फ्रेंचमध्ये त्याने बिघडत नाही, पण देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी त्याच गटात मोडतात. त्यामुळे ‘तूप’ आणि ‘तप’ त्याच्या लेखी एकच, ‘मूल’, ‘मेल’ आणि ‘मल’ एकच. भरीला ते एका वेळी २५६ तुकडेच वाचतं. मराठी मजकूर अक्षराअक्षराने फुटत असल्यामुळे अर्धा परिच्छेद वाचलाच जात नाही. मग सगळी पानं त्याला सारखीच दिसणार.

उपाय असा. कागदपत्रांच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलं मॉडेल बदला आणि बीजीई-एम-३ लावा. ते बहुभाषिक आहे आणि ८,१९२ टोकनांपर्यंत वाचतं. बदलल्यावर आधीची सगळी कागदपत्रं पुन्हा चढवावी लागतात, कारण जुन्या आणि नव्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नसतो. ही पायरी गाळली जाते आणि ‘मॉडेल बदललं तरी फरक नाही’ असं ऐकू येतं.

पण त्याआधी मजकूर खरोखर युनिकोडमध्ये आहे का ते पाहा. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या स्मरणिकांची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. परीक्षा सोपी आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा उमटला तर ते पान चित्र समजूनच वाचायचं. चित्रातली अक्षरं ओळखण्याला ओसीआर म्हणतात. ओसीआर-माय-पीडीएफ हे साधन टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीची मराठी जोडणी घेऊन चालवा आणि ‘सक्तीने ओसीआर’ हा पर्याय द्या. तो दिला नाही तर आत मजकूर आहे असं समजून ते थांबतं. कागदावरून स्कॅन करताना ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल ठेवा. निव्वळ काळं-पांढरं केलं की अनुस्वार उडतात. दोन स्तंभांची पानं आधी कापून घ्या, नाहीतर डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभात घुसते. स्मरणिकांतल्या जाहिरातींची पानं वेगळी काढा. शोधात सगळ्यात जास्त गोंधळ तीच घालतात.

ओसीआर झाल्यावर सगळा मजकूर एकाच वळणाचा करावा लागतो. ‘ॲप’मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक सलग चिन्ह, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. मजकूर एका रूपात आणण्याची युनिकोडची नेहमीची रीत (एनएफसी) हे एकत्र करत नाही, स्वतः बदलून घ्यावं लागतं. ‘दऱ्या’ लिहायच्याही दोन रीती आहेत, आणि एका रीतीत मध्ये न दिसणारा जोडक असतो. पुष्कळ जण ‘न दिसणारी चिन्हं पुसा’ म्हणून तो सरसकट काढतात, आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होऊन बसतात. आधी अशा सगळ्या जागी ‘ऱ’ घाला, जोडक नंतर काढा. हा क्रम उलटला की दुरुस्ती हातानेच.

आणि स्मरणिका प्रसिद्ध करण्याबद्दल. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, आणि स्मरणिकेतल्या लेखाचा हक्क सहसा लेखकाकडेच असतो. मंडळाच्या खोलीत बसून शोधणं एक आणि सगळा संच हगिंग फेसवर (मॉडेल आणि माहितीसंचांच्या सार्वजनिक संकेतस्थळावर) खुला ठेवणं दुसरं. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी घ्या. इतिवृत्तांत सभासदांचे पत्ते, देणग्या, वाद असं सगळं असतं. ती सार्वजनिक संचात घालूच नका.

मांडवीकर

खोली पहिल्या मजल्यावर आहे, पण यूपीएस खाली जिन्याखाली ठेवायचा बेत होता. तो बदलतो. नोटपॅडची परीक्षा करून पाहिली: २००० च्या आसपासच्या सगळ्या पीडीएफ कचरा निघाल्या. शिरोरेषाताई, फार आभार.

आता दोन शंका. सभासदांचं म्हणणं, एकच सशुल्क खातं काढून पासवर्ड सगळ्यांना द्यावा, स्वस्तात काम होईल. आणि चाचणीसाठी एका साध्या यंत्रावर ओलामा (मॉडेल चालवणारी प्रणाली) आणि ओपन वेबयूआय बसवलंय. त्यावर मोबाइलवरून बोलून प्रश्न विचारायला गेलं की माईक सुरूच होत नाही. शिवाय तीन-चार जण एकदम बसले की सगळं ठप्प.

सर्व्हरखोली

एक खातं सगळ्यांत वाटू नका. सेवेच्या अटींत ते बसत नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे एकाने विचारलेलं सगळ्यांना दिसतं. एखाद्या काकूंनी आपल्या आजाराविषयी विचारलं, तर ते पुढच्या मुलाच्या पडद्यावर येईल. मोठी मॉडेल हवीच असतील तर एपीआय (कंपनीचं मॉडेल आपल्या प्रणालीतून वापरायची जोडणी) घ्या, महिन्याची कमाल मर्यादा तिथेच बांधा आणि ते ओपन वेबयूआयच्या मागे जोडा. म्हणजे प्रत्येकाचं खातं वेगळं, बिल एक. एपीआयवर पैसे टोकनांप्रमाणे लागतात, म्हणून मराठीसाठी टोकनायझर, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणारा भाग, महत्त्वाचा. जीपीटी-४-ओ आलं तेव्हा ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात तेच वाक्य मराठीत ९६ टोकनांवरून ३३ वर आलं आणि गुजरातीत १४५ वरून ३३ वर. इंग्रजीत ते २४ होतं. जुन्या टोकनायझरचं मॉडेल कागदावर स्वस्त दिसलं तरी मराठी-गुजरातीत महाग पडू शकतं. संभाषणाची मेमरीही तितकीच जास्त खातं.

माईकचं कारण ब्राउझरमध्ये आहे. सुरक्षित जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस, असल्याशिवाय तो माईक देत नाही. यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर चालतं कारण तो पत्ता ‘लोकलहोस्ट’ असतो. मोबाइलवरून तुम्ही १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकता, तो असुरक्षित धरला जातो. टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअरचा टनेल (बाहेरून यंत्रापर्यंत यायची सुरक्षित वाट) लावा, प्रमाणपत्र त्यांच्याकडून येतं. फायबरवाल्याने सामाईक आयपी (अनेक ग्राहकांत मिळून एकच पत्ता) दिलेला असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. हीच वाट धरावी लागते. बाहेर फक्त ओपन वेबयूआय दिसू द्या. ओलामाचा ११४३४ हा पोर्ट बाहेर कधीच नको, त्याला पासवर्डच नाही.

ठप्प होण्याची चार कारणं तपासा. पहिलं सगळ्यात नेहमीचं: प्रत्येक जण यादीतून वेगळं मॉडेल निवडतो आणि ओलामा एक उतरवून दुसरं चढवत बसतं. वर्गाच्या गटाला एकच मॉडेल दिसेल असं करा, बाकीची व्यवस्थापकापुरती ठेवा. दुसरं: संभाषणाचं शीर्षक, टॅग, पुढचे सुचवलेले प्रश्न हे सगळं ओपन वेबयूआय त्याच मॉडेलकडून करून घेतं. एका प्रश्नामागे तीन-चार खेपा होतात. सेटिंगमध्ये बंद करा, लगेच फरक जाणवेल. तिसरं: पाच मिनिटं कोणी वापरलं नाही की मॉडेल मेमरीतून उतरतं आणि पुढच्याला थांबावं लागतं, जुन्या हार्ड डिस्कवर तर मिनिटभर. ‘कीप अलाइव्ह’ उणे १ करा. चौथं: समांतर विनंत्यांची संख्या. ती चार केली की संभाषणाची जागा चौपट धरली जाते आणि मॉडेलचा काही भाग कार्डावरून साध्या रॅममध्ये सांडतो, मग वेग कोसळतो. ओलामाची ‘पीएस’ ही आज्ञा दिली की किती टक्के कार्डावर आहे ते दिसतं. तिथे १०० टक्केच हवं.

संदर्भाची लांबी, म्हणजे मॉडेल एका वेळी किती टोकन वाचतं, तीही स्वतः ठरवा. ओलामाची आपसूक लांबी बराच काळ २,०४८ आणि नंतर ४,०९६ होती, आणि त्याहून लांब मजकूर गेला तर ते चूक दाखवत नाही, गुपचूप कापतं. दहा पानांच्या इतिवृत्ताचा सारांश मागितला आणि शेवटच्या दोनच विषयांचा आला, तर आधी हे बघा.

एकाच वेळी दहा-बारा जण उत्तर घेणार असतील तर ओलामाऐवजी व्हीएलएलएम ही मॉडेल चालवणारी दुसरी प्रणाली घ्या. पण ती आपसूक कार्डाची सुमारे ९० टक्के मेमरी अडवून ठेवते. शेजारी व्हिस्पर चालवायचं असेल तर हे प्रमाण ०.७ च्या, म्हणजे ७० टक्क्यांच्या, आसपास आणा.

फतेहगंज_वर्ग

यंत्रावर पुष्कळ झालं, शिकवण्याबद्दल लिहितो. यंत्र वर्षभराने जुनं होतं. केंद्र टिकतं ते शनिवारी माणसं येतात म्हणून.

एका तुकडीत १२ जण घ्या, एका संगणकावर दोघं. वीस घेतले तर मागचे नुसते बघत बसतात. ४ जीबीचे जुने संगणक याला पुरतात, कारण त्यांना फक्त ब्राउझर चालवायचाय. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, मराठी-गुजराती इनस्क्रिप्ट कळफलक लावून ठेवा. ज्येष्ठांना कळफलक जड जातो. त्यांच्यासाठी माईक आधी सुरू करा, मगच त्यांना बोलवा.

पहिल्याच वर्गात उत्तर तपासायला शिकवा, सुंदर प्रश्न कसा लिहावा ते पुढे. ज्याचं उत्तर इथल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे ते विचारायला सांगा: सूरसागर, मांडवी, आपलं सेंट्रल लायब्ररी. मॉडेल साल चुकवतं, नावं जोडून देतं, आणि तेही तितक्याच खात्रीच्या सुरात. बाहेरच्या विषयावर हे लक्षात येत नाही, गावच्या विषयावर पटकन येतं. मग एक सामाईक तक्ता ठेवा: प्रश्न, मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, तारीख, उत्तर, कोणी तपासलं, कशावरून. वरच्या ६० प्रश्नांच्या कसोटीत हाच तक्ता भर घालत राहतो. नवं मॉडेल आलं की आधी कसोटी, मग वर्गात.

कॉलेजच्या मुलांना तुमच्या यंत्रावर मॉडेल शिकवण्याचे प्रयोग करू देऊ नका, बाकीचे अडतात. कॅगल या संकेतस्थळावर आठवड्याला साधारण ३० तास कार्ड फुकट मिळतं, फक्त मोबाइल क्रमांकाची पडताळणी लागते. कोलॅबवर काही वेळ हात लावला नाही की सत्र तुटतं आणि फाइल पुसल्या जातात, म्हणून दर टप्प्याला ड्राइव्हवर जतन करायची सवय लावा. पायथनचा वर्ग यंत्रावरच घ्यायचा असेल तर लिटलेस्ट ज्युपिटरहब बसवा. १०० जणांपर्यंतच्या वापरासाठीच ते आहे. प्रत्येकाला १ जीबीची मेमरीमर्यादा घालून द्या, नाहीतर एकाच्या कोडमधलं चुकीचं चक्र सगळ्यांना खाली आणतं.

गुजराती-मराठी अनुवादाला मोठं मॉडेल लागत नाही. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतने २०२३ मध्ये दिलेलं इंडिकट्रान्स-२ अनुसूचीतल्या २२ भाषांत चालतं आणि मराठीतून थेट गुजरातीत जातं, मध्ये इंग्रजी येत नाही. त्याच्यासोबतचं पूर्वतयारीचं आणि नंतरचं साधन वगळू नका. आत ते सगळं देवनागरीत करून घेतं, आणि नंतरची पायरी गाळली तर गुजराती मजकूर देवनागरीतच बाहेर पडतो. बरण्यांच्या लेबलवर वजन, तारखा आणि घटकांची नावं मात्र माणसानेच तपासायची.

सभांच्या ध्वनिफितींसाठी व्हिस्पर लार्ज-व्ही-३ वापरा, पण भाषा ‘मराठी’ अशी बांधून द्या. मोकळी सोडली तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि सुरुवातीला कोणी हिंदीत किंवा गुजरातीत नमस्कार-चमत्कार केला की पुढचं सगळं बिघडतं. शांततेच्या जागी ते नसलेली वाक्यं लिहितं, म्हणून आवाज ओळखून रिकामी जागा कापणारा गाळणा आधी लावा. फास्टर-व्हिस्परमध्ये तो आहेच.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण बालक आहे. खातं क्रमांकाने काढा, मोबाइल नंबर आणि शाळेचं नाव मागूच नका.

एक आग्रहाने सांगतो. केंद्र त्या खोलीपुरतं ठेवू नका. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावलं, तेव्हा बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलंच, पण पुस्तकांच्या पेट्याही गावोगाव फिरू लागल्या. तुमच्याकडे टनेल लागलाच आहे तर मांजलपूर, वाडी, कारेलीबाग इथल्या सभासदांना मोबाइलवरून आत येऊ द्या. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्याकडेच जुन्या स्मरणिका ओळखू शकणारी नजर आहे.

मांडवीकर

खूप उपयोगी. शेवटचं विचारतो. काही इतिवृत्तं आणि जमाखर्च मोडीत आहेत, त्यांचं काय? आणि हे सगळं सांभाळायला माणूस किती लागेल?

शिरोरेषा

मोडी पहिल्या वर्षी फक्त स्कॅन करा, ४०० डीपीआय, रंगीत, बांधणी न उसवता. टेसरॅक्टला मोडी येत नाही. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, पण हाताची मोडी वाचणं वेगळं काम. ज्येष्ठांपैकी मोडी वाचणारे असतील तर ओळीचं चित्र आणि तिचं देवनागरी लिप्यंतर अशा जोड्या करायला घ्या. ई-स्क्रिप्टोरियममध्ये ओळी आखून समोर मजकूर लिहिता येतो, आणि पुढे त्याच जोड्यांवर क्रॅकेन हे हस्ताक्षर वाचणारं साधन शिकवता येतं. एका लेखनिकाच्या हाताची पानं आधी पूर्ण करा. पाच लेखनिकांची थोडी थोडी घेतली तर मॉडेल एकही हात शिकत नाही. तारखा आणि रकमा दोघांनी स्वतंत्रपणे वाचायच्या.

मॉडेल उतरवताना फाइलचा प्रकार बघा: सेफटेन्सर्स किंवा जीजीयूएफच घ्या. जुन्या पिकल प्रकारच्या फाइलमध्ये उघडताच चालणारा कोड दडवता येतो. मॉडेलच्या माहितीपानावरचा परवानाही वाचा. अपाची २.० मोकळा आहे, लामा आणि जेमा-३ यांच्या अटी वेगळ्या आहेत.

सर्व्हरखोली

दोघं पुरतात, आठवड्याला तीन-चार तास, पण दोघंच हवेत, एकटा नको. ओपन वेबयूआयमध्ये पहिलं खातं काढणारा आपोआप मुख्य व्यवस्थापक होतो. ते खातं कोणाच्या वैयक्तिक ईमेलवर काढू नका, मंडळाच्या ईमेलवर काढा आणि दुसऱ्यालाही व्यवस्थापक करा. नवी खाती मंजुरीसाठी थांबतात, ती व्यवस्था तशीच राहू द्या.

उबुंटूचं आपोआप अपडेट एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला हात लावणार नाही असं बांधून ठेवा. वर्गाच्या दिवशी सकाळी ‘ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही’ असं दिसलं तर रात्री अपडेट झालेलं असतं. यंत्र बंद करून सुरू केलं की बहुतेक वेळा सुटतं. अपडेट महिन्यातून एकदा, वर्ग नसेल त्या दिवशी, हाताने.

बॅकअप मॉडेलचा नको. ८ जीबीचं मॉडेल तुमच्या जोडणीवर दहा-अकरा मिनिटांत पुन्हा उतरतं, फक्त नेमकी आवृत्ती वहीत लिहून ठेवा. जपायचं ते ओपन वेबयूआयचा डेटा, दुरुस्त केलेला मजकूर, स्कॅन आणि कसोटीचा तक्ता. दोन डिस्क घ्या, दर रविवारी एक लावून दुसरी कोणाच्या तरी घरी वरच्या मजल्यावर पाठवा. तीन महिन्यांनी एकदा त्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर सगळं उघडून बघा, निदान एक स्मरणिका आणि एक खातं.